उंटावरचा शहाणा आणि सतरा ध्येये

उंटावरच्या शहाण्याची गोष्ट आपणांपैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. पाणी प्यावयास गेलेल्या वासराची मान रांजणात अडकली. घरच्या माणसांस काही सुचेना. तेव्हा पंचक्रोशीत लौकिक असलेल्या एका शहाण्यास त्यांनी बोलावून आणले. शहाणा उंटावर बसून आला. दार ठेंगणे होते आणि खाली उतरणे त्याच्या इतमामास शोभण्यासारखे नव्हते. म्हणून घराची भिंत पाडण्यात आली. उंटासह आत शिरल्यावर त्याने वासराची मान कापावयास सांगितली, आणि कापलेली मान रांजणातच राहिली असे दिसून आल्यावर रांजण फोडावयास सांगितला. वासरू गेले, रांजण गेला, भिंतही गेली. ह्या गोष्टीत आपण हसतो ते शहाण्याच्या मूर्खपणास. परंतु माझ्या मते गोष्टीचे मर्म अन्यत्र आहे. चुकीचा सल्ला कोणाच्याही हातून दिला जाईल; विद्वानांच्या हातून तर तो वारंवार दिला गेला आहे. ध्यानात ठेवण्याजोग्या बाबी दोनच: शहाणा शेवटपर्यंत उंटावरून उतरला नाही, आणि नुकसानीचा हिशेब त्यास कोणी विचारला नाही. पुढल्या गावचे बोलावणे आले होते. तो तिकडे निघून गेला.

राष्ट्राच्या सरकारास विकासाचा सल्ला देणे हा आज एक प्रतिष्ठित व्यवसाय होऊन बसला आहे. आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील हुशार मुलेमुली परदेशची पदवी घेऊन त्यात शिरतात, आणि आपणांस त्याचा अभिमान वाटतो. तो वाटू नये असे मी म्हणत नाही. मीही इंग्रजी विद्येवर पोसलेला मनुष्य आहे, आणि अशा कामात लहानसा हात मीही घातलेला आहे. त्याची कबुली पुढे देणारच आहे. ह्या लेखात मला प्रतिपादावयाचे आहे ते इतकेच की, ज्या लोकांवर सल्ला अंमलात यावयाचा त्यांच्यापुढे उभे राहून त्याचा हिशेब देण्यास जो बांधलेला नाही, त्याचा सल्ला सरकारने घेऊ नये. मग तो कितीही विद्वान असो, आणि त्याचा हेतू कितीही शुद्ध असो.

प्रथम प्रस्तुत विषयाची हकीकत सांगितली पाहिजे. २५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९३ सभासद राष्ट्रांनी शाश्वत विकासाची सतरा ध्येये मान्य केली. दारिद्र्य व भूक नसावी, सर्वांस आरोग्य, शिक्षण व शुद्ध पाणी मिळावे, स्त्रीपुरुषांत समता असावी, निसर्गाचा ऱ्हास थांबावा, अशी ती ध्येये असून २०३० पर्यंत ती गाठावयाची आहेत. त्यांच्या पोटी १६९ लक्ष्ये आली, आणि लक्ष्ये मोजण्यासाठी निर्देशक आले. आपल्या देशात ह्या कामावर देखरेख ठेवण्याचा भार नीति आयोगाकडे आला. जानेवारी २०१८ मध्ये शंभराहून अधिक मागासलेले जिल्हे निवडून त्यांची प्रगती ४९ निर्देशकांवर मोजण्याचा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्यांची क्रमवारी लावणारा पहिला निर्देशांक प्रसिद्ध करण्यात आला. निवडलेल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातील चार होते: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि उस्मानाबाद. २०२३ पासून उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले आहे. ह्या जिल्ह्यांस 'मागास' न म्हणता 'आकांक्षित' म्हणावे असेही ठरले. विशेषण बदलल्याने विहिरीचे पाणी वाढत नसले, तरी तेवढे सौजन्य आपण मान्य करू.

ध्येयांशी माझे भांडण नाही. भुकेल्यास अन्न मिळू नये असे म्हणणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. भांडण आहे ते ध्येयापासून गावापर्यंतच्या वाटेवर जो सल्लागारांचा मेळा बसलेला आहे, त्याच्या रीतीशी. ही रीत कशी चालते ते दिल्लीत बसून कळणार नाही. म्हणून मी वाचकांस धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात घेऊन जातो.

लोहारा पूर्वी उमरगा तालुक्यात मोडत असे. आता तो स्वतंत्र तालुका आहे. तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण ह्याच तालुक्यात माकणी येथे आहे, आणि ज्या सास्तुराचे नाव एका रात्रीत सर्व देशास ठाऊक झाले ते गावही ह्याच तालुक्यातले. ती रात्र ३० सप्टेंबर १९९३ ची. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि इकडील सास्तूर ही गावे व त्यांच्या भोवतालची अनेक गावे जमीनदोस्त झाली. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे मेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर पिढ्यान् पिढ्या माती चढवून जड झालेली माळवदे निजलेल्यांच्या अंगावर आली.

माझे आजोळ त्याच बाजूचे. मी त्या वेळी नुकता पदवीधर झालो होतो. काही आठवड्यांनी इतर तरुणांबरोबर मी एका पाहणीच्या कामावर गेलो. छापील कागद भरून घ्यावयाचे होते. नाव, जमीन किती, घरातील माणसे किती, मेली किती, आणि शेवटचा रकाना: नव्या जागी गाव वसविण्यास संमती आहे काय? पत्र्याच्या आडोशाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्यास मी तो प्रश्न विचारला. तो म्हणाला, "लिव्ह बाबा, काय लिवायचं ते. हितं झोप लागंना, एवढंच खरं." झोप लागत नाही असे लिहिण्यास कागदावर जागा नव्हती. मी 'होय' असे लिहिले आणि पुढल्या आडोशाकडे गेलो. त्या 'होय'ची बेरीज इतर हजारो 'होय'त झाली असणार. आणि लोकांचीच स्थलांतराची मागणी आहे, हे विधान अशाच बेरजांवर उभे राहत असते.

ते विधान खोटे होते असे मी म्हणत नाही. प्रतिपक्षास जे न्यायाने देणे आहे ते दिले पाहिजे. भयभीत झालेल्या लोकांस ढिगाऱ्यांवर पुन्हा राहावयाचे नव्हते, हे खरे. दगडमातीची घरे पुन्हा तशीच बांधू देणे म्हणजे पुढील मृत्यूची पायाभरणी करणे झाले असते, हेही खरे. आणि सरकारने त्या प्रसंगी दाखविलेली तत्परता वाखाणण्याजोगी होती. मुख्यतः जागतिक बँकेच्या कर्जाने आणि अनेक दानशूर संस्थांच्या साह्याने ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. परंतु गाव कोणत्या आकाराचे असावे, हा प्रश्न ज्यांनी सोडविला त्यांच्या डोळ्यांपुढे शहरातील वसाहत होती. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, एकासारखी एक घरे, आणि घराचे क्षेत्रफळ ठरले ते जमिनीच्या प्रमाणात: भूमिहीनास २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदारास ७५०. माणसे किती हा प्रश्न गौण ठरला. जुन्या वाड्यात ओसरी होती, गोठा होता, धान्याचे बळद होते. गल्लीच्या तोंडाशी पार होता. हे सर्व नकाशावर अनावश्यक ठरले. गाव अनेक पटींनी पसरले आणि शेत दूर गेले. पुढे कित्येक ठिकाणी लोकांनी पक्क्या घरात धान्य व कडबा ठेवला आणि स्वतः शेजारी पत्र्याची पडवी काढून तीत संसार मांडला. काही वर्षांनी मी त्या म्हाताऱ्यास पुन्हा भेटलो. आता झोप लागते का, असे विचारले. "लागती," तो म्हणाला, "पर जाग आली की कुणाच्या घरात हाय ते कळंना. समदी घरं सारखीच." ज्यांनी ती घरे सारखी आखली त्यांना हे वाक्य कोणीही जाऊन सांगितले नाही. ते तोवर दुसऱ्या प्रांतास सल्ला देत होते.

येथे कोणी म्हणेल की, एवढ्या मोठ्या आपत्तीत प्रत्येकास विचारीत बसणे अशक्य होते. ह्या आक्षेपाचे उत्तर मला द्यावे लागत नाही. त्याच भूकंपाने ते दिलेले आहे. ५२ गावे वगळता बाकीच्या प्रदेशात सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुती करावयाची होती. तेथे वेगळी रीत पत्करण्यात आली. पैसा घरमालकास हप्त्याहप्त्याने द्यावा, घर त्याने आपल्या देखरेखीखाली सावरावे, इंजिनियराने त्यास भूकंपात टिकणाऱ्या बांधणीची रीत शिकवावी, आणि दोघांच्या मध्ये गावातीलच बायका असाव्या, असे ठरले. ह्या बायकांस 'संवाद सहायक' म्हणत. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ह्या संस्थेने तेराशेच्या आसपास गावांत महिला मंडळांस ह्या कामी उभे केले. ज्या बायकांनी आजवर सरकारी अधिकाऱ्यापुढे तोंड उघडले नव्हते, त्या सिमेंटचे प्रमाण आणि कोपऱ्यातील पट्टी बरोबर बसली की नाही हे तपासू लागल्या. सल्ला ह्या कामातही होता, आणि तो तज्ज्ञांचाच होता. पण तो देणाऱ्यास रोज संध्याकाळी त्याच ओसरीवर बसून चहा घ्यावयाचा होता, आणि भिंतीस तडा गेला तर घरची बाई त्यास तेथल्या तेथे विचारणार होती.

ह्या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. जानेवारी २००१ मध्ये गुजरातेत कच्छचा भूकंप झाला. तेव्हा मराठवाड्यातील ह्याच बायका तेथील बायकांस आपला अनुभव सांगावयास गेल्या. गुजरातेत बहुतेक गावांनी स्थलांतर नाकारले; घर ज्याचे त्याने बांधावे, पैसा व तांत्रिक साह्य सरकारने द्यावे, हेच धोरण तेथे प्रमुख ठरले. किल्लारी-सास्तुराच्या दुःखातून देशाने जर काही विद्या मिळविली असेल, तर तिच्या प्रसारकांत ह्या बायकांची गणना प्रथम करावी लागेल. ज्याचे जळते त्यास कळते, ही म्हण आपण सहानुभूतीच्या वेळी वापरतो. सल्लागार नेमताना मात्र ती विसरतो.

कोणी ह्यावर म्हणेल, भूकंप हा अपवादात्मक प्रसंग. शाश्वत विकास हा नित्याचा व्यवहार, आणि त्यात शास्त्राची सत्ता चालली पाहिजे. ठीक आहे, मग ह्या भागाचा जो नित्याचा प्रश्न, म्हणजे पाणी, तोच घेऊ.

मराठवाड्याच्या बाबतीत विद्वत्तेची उणीव कधीच नव्हती. विभागीय असमतोलाचा शोध घेणाऱ्या प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली अनुशेषाचे गणित मांडले. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली, आणि २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदत संपली. १९९९ साली माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने आपला प्रचंड अहवाल दिला. २०१३ साली विजय केळकर समितीचा अहवाल आला. चितळे आयोगाने तुटीच्या खोऱ्यांत उसासारख्या फार पाणी पिणाऱ्या पिकास आवर घालावा असे सांगितले. आणि हा सल्ला शास्त्रदृष्ट्या निःसंशय बरोबर होता. जेथे पाऊस सरासरीने सात-आठशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तोही दगा देतो, तेथे बारमाही ऊस हा पाण्याचा अपव्यय आहे. तरीही ऊस वाढतच गेला, कारखाने निघतच गेले. आणि २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले.

वाचक म्हणतील, हे उदाहरण तर माझ्या पक्षाविरुद्ध जाते. येथे तज्ज्ञ शहाणे ठरले आणि लोक आंधळे. मला तसे वाटत नाही. लोहाऱ्याचा शेतकरी ऊस लावतो तो पाण्याचे गणित कळत नाही म्हणून नव्हे. तूर, सोयाबीन, हरभरा बाजारात नेला की भाव काय मिळेल ह्याचा भरवसा नाही. उसास मात्र कायद्याने किमान दर आहे आणि तो उचलून नेणारा कारखाना दाराशी आहे. त्याच्या ठिकाणी आपण असतो तर आपणही हेच केले असते. अहवाल लिहिणारा जर शेतकऱ्याच्या बांधावर बसून हिशेब मांडता, तर ऊस नको ह्या वाक्याआधी त्यास डाळीच्या खरेदीची हमी द्या हे वाक्य लिहावे लागले असते, आणि ती हमी मिळाली नाही तर जाब मागावा लागला असता. सल्ला देऊन आयोग विसर्जित झाला. जाब मागण्यास कोणी उरले नाही. सरकारने त्यातले सोयीचे घेतले आणि गैरसोयीचे कपाटात ठेवले. सल्लागार गेला म्हणजे त्याचा खरा सल्लाही निराधार होतो. उत्तरदायित्व मी मागतो ते केवळ चुकीच्या सल्ल्यास शासन व्हावे म्हणून नव्हे. योग्य सल्ल्यास वाली मिळावा म्हणूनही मागतो.

पुढे डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करावयाचा, हे त्याचे घोषवाक्य. गावोगाव नाले खोल झाले, बंधारे झाले, आणि किती गावे 'जलपरिपूर्ण' झाली ह्याचे आकडे दरसाल वाढत गेले. काही गावांचा त्यात लाभही झाला. परंतु ९,६३३ कोटी रुपये खर्च झाल्यावर देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२० साली असा निष्कर्ष काढला की, भूजलाची पातळी वाढविण्यात आणि पाण्याच्या बाबतीत गावे स्वयंपूर्ण करण्यात ह्या कार्यक्रमाचा परिणाम अल्पच झाला. कामे मोजली गेली. विहिरीत दोर किती उतरतो ते मोजावयाचे राहून गेले. गावातील कोणत्याही बाईने हे दोन मिनिटांत सांगितले असते, कारण दोर तिच्या हातात असतो.

सल्लागार उंटावरून उतरू शकतो काय? उतरू शकतो, आणि आपल्याच महाराष्ट्रात तो उतरलेला आहे. धनंजयराव गाडगीळ हे केंब्रिजला शिकलेले अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक. विठ्ठलराव विखे पाटील व प्रवरेकाठचे शेतकरी सहकारी साखर कारखाना काढण्याच्या खटपटीस लागले, तेव्हा गाडगिळांनी त्यांस टिपण लिहून दिले आणि ते मोकळे झाले असे घडले नाही. १९५० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी पहिली अनेक वर्षे स्वतः सांभाळले. शेतकरी सभासदांच्या सभेत बसून उसाच्या भावाचा आणि तोट्याचा जबाब दिला. पुढे १९६७ साली ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि राज्यांस केंद्राचे साह्य वाटण्याचे सूत्र त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. राष्ट्रास सल्ला देण्याचा अधिकार त्यांनी लोणीच्या सभांत मिळविला होता. प्रवरेच्या पाण्यावर उभा राहिलेला हाच नमुना पुढे इतरांनी तेरणेच्या तुटपुंज्या पाण्यावर जसाच्या तसा उतरवला, आणि जे तिकडे वरदान ठरले ते इकडे संकट झाले. ह्यावरूनही हेच दिसते की सल्ला हा मातीचा असतो, तो मुळासकट उपटून दुसरीकडे लावता येत नाही.

आता ध्येयांचा गाडा गावापर्यंत कसा आला आहे ते पाहू. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने सतरा ध्येयांची मांडणी गावांसाठी नऊ संकल्पनांत केली: गरिबीमुक्त गाव, निरोगी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव इत्यादी. कल्पना चांगली होती. मग मोजणी आली. एप्रिल २०२५ मध्ये २०२२-२३ सालचा जो पंचायत निर्देशांक प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीसाठी ४३५ निर्देशक होते आणि त्यांसाठी ५६६ प्रकारची माहिती भरावयाची होती. २ लाख १६ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची माहिती ग्राह्य ठरली. त्यांतील एकही सर्वोच्च श्रेणीत बसली नाही. गावे अपुरी असतीलही. परंतु ही माहिती भरतो कोण? लोक ज्यास अजून ग्रामसेवकच म्हणतात तो एकटा मनुष्य. आणि त्याच्याकडे पुष्कळदा एकाहून अधिक गावे असतात. मार्चअखेरीस रात्री दिवा लावून तो हे रकाने भरीत असताना त्याच्या मनात कोणते ध्येय असेल? कागद पुरा करणे, हे अठरावे ध्येय. त्याने अंदाजाने लिहिलेला आकडा तालुक्यास जातो, तेथून जिल्ह्यास, जिल्ह्याहून दिल्लीस. आणि दिल्लीतील सल्लागार त्यावर रंगीत नकाशा काढून तो राष्ट्रसंघापुढे ठेवतो. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

आकडे नकोत असे मी म्हणत नाही. दांडेकरांनी आकडे मांडले नसते तर मराठवाड्याचा अनुशेष हा केवळ आक्रोश ठरला असता. परंतु आकडा कोणासाठी गोळा करावयाचा हा प्रश्न आहे. क्रमवारीसाठी गोळा केलेला आकडा वर पाहतो. ज्याचा त्यास उपयोग व्हावा म्हणून गोळा केलेला आकडा गावात राहतो. जिल्ह्याच्या सरासरीत धाराशिव शहर आणि लोहाऱ्यातील एखादा तांडा एकाच ताटात वाढले जातात, आणि सरासरी सुधारली म्हणजे तांडाही जेवला असे समजले जाते.

आणि हे सर्व ज्या संस्थेने करावयाचे तिला आपण विसरलो आहोत. घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली. तीत ग्रामसभेस घटनात्मक स्थान मिळाले, आर्थिक विकास व सामाजिक न्याय ह्यांच्या योजना करण्याचे काम पंचायतींचे ठरले, आणि २९ विषयांची सूची जोडण्यात आली. सास्तूर कोसळले ते ह्यानंतर सहा महिन्यांच्या आतच. तेव्हा ग्रामसभा बाल्यावस्थेत होती, म्हणून तिला विचारले गेले नाही, ही सबब चालून जाईल. आज तिला तीस वर्षे होऊन गेली आहेत. आता कोणती सबब आहे?

नुसती टीका करून थांबणे हाही उंटावरचाच प्रकार होईल; म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट सांगतो. पहिली मागणी अशी की, विकासाविषयी सरकारास सल्ला देणाऱ्या प्रत्येक समितीने व सल्लागार संस्थेने, ज्या गावांसाठी सल्ला दिला त्यांपैकी निदान काही गावांच्या ग्रामसभेपुढे पाच वर्षांनी हजर राहून आपल्या शिफारशींचे काय झाले ते सांगावे, आणि ही अट नेमणुकीच्या पत्रातच असावी. दुसरी, अहवाल छापण्यापूर्वी तो सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा, आणि ग्रामसभेचे विरुद्ध मत पडल्यास ते त्याच पुस्तकात, मूळ अहवालाइतक्याच ठळक अक्षरात छापले जावे. तिसरी, निर्देशकांचे ओझे उतरवून गावास स्वतःचे दहा निवडू द्यावे. यंदा टँकर कोणत्या तारखेस आला. कार्तिकात किती कुटुंबे ऊसतोडीस गेली आणि त्यांची मुले कोठे राहिली. दहावीनंतर किती मुलींची शाळा सुटली. अडलेली बाळंतीण किती वेळात दवाखान्यात पोचली: हे आकडे पंचायतीच्या भिंतीवर रंगाने लिहावे. भिंतीवरील आकडा खोटा असेल तर येणारीजाणारी बाई तो खोडावयास लावील. दिल्लीच्या यंत्रातील आकड्यास ती भीती नाही.

ग्रामसभेत जात आहे, दंडेली आहे, बायकांस बोलू न देण्याची खोड आहे, असा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो खरा आहे. परंतु तेराशे गावांतील बायका अधिकाऱ्यांपुढे बोलू लागल्या त्या ग्रामसभा सुधारेपर्यंत वाट पाहून नव्हे; काम, पैसा आणि निर्णय त्यांच्या हाती आला म्हणून त्या बोलू लागल्या. माणसास जबाबदारी दिल्यावाचून ती पेलण्याची शक्ती येत नाही. स्वराज्य मागताना आपण परक्या सत्तेस हेच सांगत होतो. आता गावे तेच सांगतात, तर आपण त्या सत्तेचे शब्द आपल्या तोंडी घेऊ नयेत.

शेवटी दोन शब्द आपल्यासाठी. कारण हे मासिक वाचणाऱ्या घरांतूनच हे सल्लागार निपजतात. आपला मुलगा वा मुलगी अशा कामावर जाणार असेल, तर तिने निघण्यापूर्वी एक वर्ष लोहाऱ्यासारख्या ठिकाणी काढावे, आणि पाहणीच्या कागदावर एक रकाना कोरा ठेवावा: ज्यास आपण विचारीत आहो त्याने स्वतः काय सांगितले, ते त्याच्याच शब्दांत लिहिण्यासाठी. १९९३ साली माझ्या कागदावर तो रकाना नव्हता, आणि तो आखून घेण्याचे मला सुचले नाही. 'हितं झोप लागंना' हे चार शब्दांहूनही लहान वाक्य मी तेव्हा लिहून घेतले असते, तर कदाचित् कोणी विचारले असते की, ह्या माणसास नवे गाव हवे आहे, की निर्धास्त झोपता येईल असे छप्पर? दोहोंची उत्तरे वेगळी होती. ते वाक्य आज, तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, मी येथे नोंदवीत आहे. राष्ट्रास सल्ला देणाऱ्यांनी ते आपल्या अहवालात घ्यावे, आणि ते कोणत्या ध्येयाखाली बसते ते आम्हांस सांगण्यासाठी एकदा लोहाऱ्यास यावे. मात्र पायी यावे. दारे अजून ठेंगणीच आहेत, आणि भिंती पाडण्याची आमची आता तयारी नाही.